जाड्या-रड्याचं हरवलेलं रीळ: 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वीसेक मिनिटांच्या मूकपटाचा खेळ आम्ही मित्रमंडळी अधूनमधून लावतो. दिवे लागले, चहा आला की जे प्रश्न हमखास येतात ते इथे गोळा केले आहेत. जसे आठवले तसे लिहिलेत, त्यामुळे क्रमाला काही अर्थ शोधू नका.

हा नेमका कोणता सिनेमा?

'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', म्हणजे 'शतकातली लढाई'. लॉरेल आणि हार्डी यांचा दोन रिळांचा विनोदी मूकपट. निर्माते हॅल रोच यांच्या कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या स्टुडिओत तो तयार झाला आणि ३१ डिसेंबर १९२७ला मेट्रो-गोल्डविन-मेयरने तो वितरित केला. दोघांची जोडी म्हणून नुकतीच घडी बसत होती तेव्हाचा हा सिनेमा. पाई (सारण भरून भाजलेला, थाळीएवढा पदार्थ) फेकून मारण्याच्या दृश्यासाठी तो जगभर प्रसिद्ध झाला आणि गंमत म्हणजे जवळजवळ साठ वर्षं ते दृश्य पूर्ण कुणालाच बघायला मिळत नव्हतं.

जाड्या कोण आणि रड्या कोण?

हा प्रश्न फक्त पंचविशीच्या आतले विचारतात. बाकीचे त्यांच्याकडे दयेने बघतात. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, जन्म १८९२, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम गावचा. रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल, जन्म १८९०, इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा. डोकं खाजवत, ओठ मुरडत रडायला लागतो तो रड्या. हे नाव मराठीत कुणी पाडलं ठाऊक नसलं तरी ज्याने पाडलं त्याला नट कळत होते. लॉरेलची सगळी कला त्या रडण्यात आहे. मार पडला म्हणून तो रडत नाही. काय चाललंय ते समजेनासं झालं की रडतो.

लॉरेल १९१० साली फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर अमेरिकेत आला तेव्हा त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन मुख्य नट होता आणि लॉरेल त्याचा बदली नट. चॅप्लिन पुढे गेला, लॉरेल पंधरा-सोळा वर्षं धडपडत राहिला. या सिनेमाच्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता.

गोष्ट काय आहे?

रड्या बॉक्सर आहे, जाड्या त्याचा मॅनेजर. समोर थंडरक्लॅप कॅलहन नावाचा आडदांड मल्ल (नोआ यंग). रड्याचा एक ठोसा कसा कोण जाणे लागतो आणि कॅलहन आडवा होतो. पण रड्या ठरलेल्या कोपऱ्यात जायलाच तयार नाही, त्यामुळे पंच मोजायला सुरुवात करत नाही. तेवढ्या वेळात कॅलहन सावरतो, उठतो आणि रड्याला झोपवतो. झोपवतो म्हणजे अक्षरशः. पुढच्या दृश्यात सगळं सभागृह रिकामं झालंय आणि रड्या अजून तिथेच निजलाय.

दुसऱ्या दिवशी एक विमा एजंट जाड्याला गळी उतरवतो की या बॉक्सरचा अपघात विमा काढ, हात-पाय मोडला की पैसे. जाड्या विमा घेतो आणि रड्या पडावा म्हणून फुटपाथवर केळ्याचं साल टाकतो. सालावरून घसरतो मात्र भलताच, पाई पोचवणारा माणूस (चार्ली हॉल). तिथून पुढे जे होतं त्यात आख्खी गल्ली सामील होते.

बॉक्सिंगची गंमत आमच्या डोक्यावरून गेली.

साहजिक आहे, ती १९२७च्या प्रेक्षकासाठी होती. २२ सप्टेंबर १९२७ला शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानात जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांची हेवीवेट लढत झाली. सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला पाडलं, पण नव्या नियमाप्रमाणे तटस्थ कोपऱ्यात जायचं सोडून तो त्याच्या डोक्यावर उभा राहिला. पंचाने मोजणी उशिरा सुरू केली. टनीला तेरा-चौदा सेकंद मिळाले, तो उठला आणि शेवटी गुणांवर जिंकला. या 'लांबलेल्या मोजणी'वर अमेरिकेत घराघरांत भांडणं झाली. आपल्याकडे एखाद्या पायचीतच्या निर्णयावर पुढची दहा वर्षं कट्ट्यावर वाद चालतो ना, तसं. रोचच्या माणसांनी काही आठवड्यांत त्यावर सिनेमा काढून वर्ष संपायच्या आत पडद्यावर लावला.

तुम्ही 'पाय' न लिहिता 'पाई' का लिहिता?

कारण एकदा आम्ही सूचनाफलकावर 'तीन हजार पाय तोंडावर' असं लिहिलं होतं आणि लोकांना वाटलं कुठला तरी मारधाडपट आहे. इंग्रजी उच्चाराला 'पाय'च जवळचा आहे, पण मराठीत पायाला आधीच भरपूर काम आहे. पाई म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचं किंवा मलईचं सारण भरून भट्टीत भाजलेला, थाळीएवढा पदार्थ. फेकायला उत्तम, कारण लागला की चिकटतो आणि मग सावकाश ओघळतो. विनोद फेकण्यापेक्षा ओघळण्यात जास्त आहे.

खरोखर तीन हजार पाई वापरल्या का?

लॉरेल म्हातारपणी मुलाखतींमध्ये तसं सांगायचा: लॉस एंजेलिसच्या पाई कंपनीची एका दिवसाची पूर्ण भट्टी विकत घेतली. आकडा कधी तीन हजार सांगितला जातो, कधी चार. माझं मत विचाराल तर जुन्या नटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा, हिशेब ठेवू नये. पडद्यावर एक पाईची गाडी दिसते आणि तिच्यात संपता संपत नाहीत इतक्या पाई असतात, एवढं पुरे.

जास्त महत्त्वाचं आहे ते त्यामागचं कारण. पाई तोंडावर मारणं १९२७पर्यंत शिळं झालं होतं. मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओने १९१०च्या दशकात तो विनोद इतका वापरला होता की शहाणे विनोदवीर त्याच्या वाटेला जात नसत. अशा वेळी रोचच्या लेखकांच्या बैठकीत पुन्हा पाई निघाली, तेव्हा लॉरेलचं म्हणणं पडलं की मारायच्याच असतील तर इतक्या मारू की पुढे कुणाला मारायला जागाच उरू नये.

सिनेमा हरवतो म्हणजे नेमकं काय होतं? कुणी चोरतं का?

चोरलं असतं तर बरं झालं असतं, चोर निदान जपून ठेवतो. मूकपट बहुतेक करून उपेक्षेने गेले. १९२७नंतर बोलपट आले आणि जुन्या मूकपटांची बाजारातली किंमत शून्य झाली. स्टुडिओंना ती रिळं म्हणजे भाड्याची जागा अडवणारी अडगळ. काही चांदीसाठी विकली गेली, कारण फिल्मच्या लेपात चांदी असते. काही जळली. उरलेली आपोआप नासली.

त्या काळची ३५ मिमीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊ. पेटला की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी विझत नाही. न पेटता नुसता पडून राहिला तरी हळूहळू कुजतो: आधी चित्र फिकं होतं, मग पृष्ठभाग चिकट होतो, मग मधासारखे फुगे येतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १९१२ ते १९२९ या काळात तिथे बनलेल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. हे मोठ्या सिनेमांचं. आपला सिनेमा दोन रिळांचा, मुख्य खेळाआधी लावायची फोडणी. तो कोण जपणार?

पण पाईची मारामारी तर आम्ही लहानपणी पाहिलीय!

पाहिली असणार, पण तुकड्यात. रॉबर्ट यंगसन नावाचा एक निर्माता होता, जुन्या फिल्म जोडून त्याने केलेल्या लघुपटांना दोन ऑस्करही मिळाले होते. १९५७ साली त्याने 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी' नावाचा संकलनपट काढला. त्यात पाईच्या दृश्याचे निवडक तुकडे कापून, वर निवेदन आणि आवाज चढवून घातले. तो संकलनपट तुफान चालला आणि लॉरेल-हार्डीला नव्या पिढीसमोर घेऊन आला. हार्डी मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला होता.

पुढची कित्येक दशकं जगाने जी 'शतकातली लढाई' पाहिली ती हीच, यंगसनच्या कात्रीतून उतरलेली. त्याने ज्या मूळ रिळावरून हे तुकडे घेतले ते पुढे नासलं. पहिलं रीळ, म्हणजे बॉक्सिंगचा भाग, तर त्याआधीच गायब होतं. ते १९७०च्या दशकाच्या अखेरीला मिळालं. त्यामुळे बरीच वर्षं अशी विचित्र अवस्था होती की कमी प्रसिद्ध अर्धा भाग पूर्ण उपलब्ध आणि जगप्रसिद्ध अर्धा भाग तुकड्यांत.

एकाच सिनेमाचं एक रीळ राहतं आणि दुसरं जातं, हे कसं?

रिळं वेगवेगळ्या डब्यांत असतात. एक रीळ म्हणजे ३५ मिमीची साधारण हजार फूट फिल्म, दहा-अकरा मिनिटं. डबे वेगवेगळ्या गोदामांत जातात, कुणी एक मागून नेतं आणि परत करत नाही, एकाला ओल लागते. शिवाय लोकांना आवडणारं रीळ जास्त वेळा बाहेर निघतं आणि लवकर झिजतं. घरातल्या जुन्या पत्त्यांच्या जोडात नेमका बदामचा राजाच का नसतो, तसंच.

मग दुसरं रीळ मिळालं कसं?

यंगसन १९७४ला वारला. त्याच्या संग्रहातल्या काही फिल्म गॉर्डन बर्को नावाच्या संग्राहकाकडे गेल्या. बर्कोच्या पश्चात त्याच्या संग्रहातल्या प्रती जॉन मिरसालिस यांच्याकडे आल्या. मिरसालिस हे पेशाने विषशास्त्रज्ञ, छंदाने मूकपटांना पियानोची साथ करणारे आणि फिल्म गोळा करणारे. त्या ढिगाऱ्यात १६ मिमीची एक प्रत निघाली. प्रोजेक्टरवर चढवून पाहिली तर दुसरं रीळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. यंगसनने मूळ फिल्म जिवंत असताना स्वतःसाठी पूर्ण प्रत काढून ठेवली होती. म्हणजे ज्याच्या कात्रीला आम्ही इतकी वर्षं बोल लावले त्यानेच ते रीळ वाचवलं होतं.

जून २०१५मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, कल्पेपर इथे मिरसालिस यांनी ही बातमी फोडली. तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या चित्रपट जतन केंद्रात 'मोस्टली लॉस्ट' नावाचा मेळा भरायचा. ओळख न पटलेल्या फिल्म पडद्यावर लावायच्या आणि प्रेक्षकांनी अंधारातून ओरडून सांगायचं: ही मोटार अमुक साली निघाली, तो मागचा नट तमुक, ही इमारत मी ओळखतो! सिनेमागृहात बोलू नये या नियमाचा असा सुंदर भंग मी दुसरीकडे ऐकला नाही. ती इमारतही मजेदार आहे. शीतयुद्धात अणुहल्ला झालाच तर देशाला नोटा पुरवता याव्यात म्हणून डोंगराच्या पोटात बांधलेली ती अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची तिजोरी होती. नोटा गेल्या, रिळं आली.

डबा इतकी वर्षं संग्राहकांच्या घरी होता, मग कुणी आधी का नाही पाहिला?

तुमच्या घरात 'लग्नाचे फोटो' लिहिलेला एक डबा असेल. तो शेवटचा कधी उघडलात? फिल्मचे संग्रह शेकड्या-हजारांत असतात, प्रत्येक रीळ लावून बघायला आयुष्य पुरत नाही. त्यात या दृश्याचे तुकडे सगळ्यांच्या परिचयाचे. नाव वाचून कुणालाही वाटावं, हं, तोच तुकडा असेल. अनोळखी नावाचं रीळ माणूस कुतूहलाने लावतो. ओळखीचं राहून जातं.

१६ मिमी म्हणजे कमी दर्जाची प्रत ना?

चित्राची चौकट लहान असल्याने ३५ मिमीइतका तपशील त्यात येत नाही, हे खरं. पण १६ मिमीची फिल्म १९२३ साली कोडॅकने आणली तीच घरगुती वापरासाठी, सहज न पेटणाऱ्या प्लॅस्टिकवर. म्हणून ती टिकली. आपल्याकडेही गणेशोत्सवात गल्लीत पांढरं कापड ताणून सिनेमे दाखवायचे ते बहुधा १६ मिमीच्याच प्रोजेक्टरवर. पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटा सिनेमा पाहिलेल्यांनी तरी त्या प्रतीला कमी लेखू नये.

आख्ख्या रिळात असं नवीन काय आहे? पाई ती पाईच.

हा प्रश्न आला की मी चहाचा कप खाली ठेवतो.

यंगसनचे तुकडे पाहून मत होतं की या सिनेमाचा विनोद म्हणजे गोंधळ. धपाधप पाई, चेहरे, पाई, चेहरे. हसू येतं, पण शिमग्याला राडा बघून येतं तसं. पूर्ण रीळ पाहिलं की कळतं, इथे गोंधळ मुळीच नाही. अतिशय शिस्तीचा, जवळजवळ दिवाणी कोर्टासारखा व्यवहार आहे.

पाईवाला घसरून पडतो. उठतो. साल कुणी टाकलं ते त्याला कळतं. तो धावून जात नाही. विचार करतो, एक पाई निवडतो आणि जाड्याच्या तोंडावर रीतसर थापतो. जाड्या जागचा हलत नाही. तो डोळ्यांवरची मलई बोटाने निपटतो, आमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघतो, अपमान पुरता पचवतो आणि मगच उत्तर द्यायला निघतो. उत्तराचा नेम चुकतो आणि रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइताला लागतो. आता तो तिऱ्हाईत पक्षकार झाला. तोही शांतपणे चालत येतो, गाडीतून पाई उचलतो, आणि त्याचाही नेम चुकतो. दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसलेला रोगी, झकपक कपड्यातले सभ्य गृहस्थ, मोटारीतून उतरणारी श्रीमंत बाई, सगळे असे एकेक करून, आपापल्या नुकसानीची भरपाई मागायला येतात. फिट्टंफाट करायला आलेला प्रत्येक जण नवीन देणेकरी तयार करून जातो.

यासाठी वेळ लागतो, आणि यंगसनने कापला तो नेमका हा वेळ. पाई त्याने ठेवल्या होत्या. रंगपंचमीला पांढराशुभ्र सदरा घालून बाहेर पडलेला काका आठवा. रंग पडतो तो क्षण मजेचा असतोच, पण त्याआधी तो कोपऱ्यावरून वळताना दिसतो आणि पोरं पिचकाऱ्या घेऊन गप्प उभी राहतात, ती खरी मजा. २०१५ला परत मिळालं ते हे गप्प उभं राहणं.

लॉरेल-हार्डीची ही सावकाश, पाळीपाळीने चालणारी तोडफोड पुढे 'बिग बिझनेस'मध्ये (१९२९) पूर्णत्वाला गेली. तिथे ख्रिसमसचं झाड विकायला गेलेले दोघे गिऱ्हाइकाचं घर मोडतात आणि गिऱ्हाईक त्यांची मोटार. पण ती रीत त्याआधी मोठ्या प्रमाणावर आजमावली ती या रिळात. तुकडे पाहून हे सांगता येत नव्हतं.

शेवटी एक बाई पाईवर बसते, ती कोण?

अनिता गार्विन. कोपऱ्यावरून डौलात येते, पडलेल्या पाईवर घसरून बसते. काय झालंय ते तिच्या लक्षात येतं, पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं ठरवून ती उठते, हलकेच पाय झटकते आणि चालू लागते. काही सेकंदांचं काम. मला विचाराल तर सगळ्या पाईंत ही एक, जी कुणी फेकलीच नाही, ती सर्वांत भारी.

दिग्दर्शक कोण?

श्रेयनामावलीत क्लाइड ब्रकमन. याच ब्रकमनने मूकपटांतला मोठा विनोदवीर बस्टर कीटन याच्याबरोबर 'द जनरल'चं सहदिग्दर्शन केलं होतं. देखरेख लिओ मॅकॅरीची, कॅमेरा जॉर्ज स्टीव्हन्सचा. मॅकॅरी आणि स्टीव्हन्स या दोघांनाही पुढे दिग्दर्शनाचे दोन-दोन ऑस्कर मिळाले. पाई पुसून भिंगं साफ करणारा माणूस पुढे 'जायंट'सारखा सिनेमा करतो, हे लक्षात ठेवायला बरं असतं. प्रत्यक्ष विनोदाची रचना मात्र बरीचशी लॉरेलच करत असे, नाव कुणाचंही असो.

गर्दीत लू कॉस्टेलो आहे म्हणतात. कुठे?

बॉक्सिंगच्या दृश्यात, रिंगणाजवळच्या प्रेक्षकांत. तेव्हा तो हॉलिवूडमध्ये किरकोळ कामं करत होता. 'अ‍ॅबट आणि कॉस्टेलो' या विनोदी जोडीतला म्हणून नाव व्हायला अजून अवकाश होता.

आता तरी सिनेमा पूर्ण आहे का?

जवळजवळ. विमा एजंटचं दृश्य (युजीन पॅलेट) अजून मिळालेलं नाही. सध्याच्या आवृत्तीत तिथे स्थिरचित्रं आणि मजकुराच्या पाट्या लावून दुवा साधला आहे. हरवलेला सिनेमा 'मिळाला' असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो हप्त्याहप्त्याने येतो: १९५७ला काही मिनिटं, पुढे एक रीळ, २०१५ला दुसरं. गोधडीसारखा.

माणसं अशी तुरुतुरु का पळत नाहीत? मूकपटात तर पळतात.

कारण ही प्रत योग्य वेगाने चालवली आहे. मूकपटांच्या काळी चित्रीकरणाचा वेग ठरलेला नव्हता, सुरुवातीला सेकंदाला सोळा-अठरा चौकटी, दशकाच्या शेवटी बावीस-चोवीसच्या आसपास. जुनी फिल्म पुढे बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालवली की माणसं धावायला लागतात. आपल्या आजोबांना वाटायचं तेव्हाचे लोक असेच चालत.

संगीत कोणतं लावावं?

मूळचं ठरलेलं संगीत नाही. त्या काळी प्रत्येक थिएटर आपापला पियानो किंवा वाद्यवृंद वाजवी; आपल्याकडे पडद्यासमोर पेटी-तबला असे. आम्ही एकदा पेटी आणि ढोलकी लावून पाहिली. ढोलकीवाल्या दादांना पाई पडताना थाप मारायचा मोह आवरेना, आणि पंधराव्या थापेनंतर लोक पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघू लागले. ओघळताना वाजवावं, पडताना गप्प राहावं, असं आमचं मत बनलं आहे.

आपल्याकडचा असा एखादा विनोदी मूकपट आहे का?

होता. दादासाहेब फाळक्यांचा 'पिठाचे पंजे', १९१४च्या सुमाराचा छोटा विनोदी पट, 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला दाखवलेला. तिकडे मलई, इकडे पीठ, आणि लॉरेल-हार्डीच्या तेरा वर्षं आधी! फाळके म्हटलं की आपल्याला देवादिक आठवतात, पण त्या माणसाला विनोदाचं अंग चांगलं होतं. 'पिठाचे पंजे'चं नाव राहिलं आहे, फिल्म नाही.

भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले आणि पूर्ण-अपूर्ण मिळून फार थोडे उरले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं तोपर्यंत बहुतेकांची भुकटी झाली होती. त्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते गोळा केलं म्हणून फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) आज बघता येतो, त्यात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पुढे जानेवारी २००३मध्ये पुण्यातच, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि वाचलेल्यातलंही बरंच गेलं.

जाड्या-रड्याचे आणखी काही हरवलेले आहेत का?

'हॅट्स ऑफ' (१९२७) पूर्ण बेपत्ता आहे, त्याची एकही प्रत नाही. कपडे धुण्याचं यंत्र लांबलचक जिन्यावरून वर चढवायचं, अशी त्यातली मुख्य कल्पना होती. पुढे त्याच जिन्यावर यंत्राऐवजी पियानो चढवून 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. 'द रोग साँग' (१९३०) हा रंगीत बोलपटही थोडे तुकडे सोडले तर गेलेला आहे.

बघायचा कुठे? हक्कांची भानगड?

१९२७चे सिनेमे अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून सार्वजनिक मालकीचे झाले. भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांचा, त्यामुळे इथे प्रश्न नाही. मात्र नव्या संगीतावर वेगळा हक्क असू शकतो, सार्वजनिक खेळ करणार असाल तर तेवढं बघून घ्या. जीर्णोद्धार केलेली आवृत्ती २०२०मध्ये निघालेल्या लॉरेल-हार्डींच्या ब्लू-रे संचात आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही (जपून ठेवायच्या सिनेमांची यादी) या सिनेमाचं नाव चढलं. इंटरनेटवर शोधताना एक खूण सांगतो: निवेदकाचा आवाज ऐकू आला की तो यंगसनचा जुना तुकडा, बंद करा.

मुलांना दाखवावा का? अन्नाची नासाडी आहे.

आमच्याकडे एका आजींनी हा आक्षेप घेतला होता आणि तो खोटा नाही. पण हसता हसता डोळ्यांना पदर लावणाऱ्याही त्याच होत्या. खेळानंतर घरात श्रीखंड असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

आमच्या माळ्यावर जुन्या फिल्मचा डबा आहे. काय करू?

लावून बघू नका, हे पहिलं. आटलेली, ठिसूळ फिल्म प्रोजेक्टरमध्ये एका झटक्यात फाटते. डबा खिडकीजवळ, उन्हाबाहेर नेऊन उघडा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेटची, म्हणजे नायट्रेटनंतर आलेली, सहज न पेटणारी फिल्म कुजायला लागलीय. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं असेल तर निदान सहजासहजी पेटणार नाही. रुंद, म्हणजे ३५ मिमीची, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची आणि कडेला असं काही छापलेलं नसेल तर ती नायट्रेट समजून चालायचं: देवघराजवळ नको, गॅसजवळ नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नको, पोस्टाने तर मुळीच नको. थंड जागी ठेवा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. डब्यावरचं नाव ओळखीचं वाटलं तरी बोला.

पोलीस येतो त्यानंतर काय होतं? आमचे दिवे गेले होते.

तो जाड्या-रड्याला विचारतो, ही पाईची मारामारी तुम्ही सुरू केली का? मागे आख्खा रस्ता मलईने माखलाय. रड्या विचारतो, कोणती मारामारी?